एक वीत आत

माणूस आजारी असतो तेव्हा घरचे फोनवर "लवकर या" म्हणतात, आणि गेला की "सावकाश या" म्हणतात. आईच्या वेळी हे माझ्या लक्षात आलं आणि वडिलांच्या वेळी पक्कं झालं. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला आणि ती नुसती "ताई, घाई करू नका, सावकाश या" म्हणाली, तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही. गॅस बंद केला, निवडायला घेतलेली मेथी कागदात गुंडाळून ठेवली आणि तळेगावच्या नाक्यावरून वराळ्याची रिक्षा धरली. खरं तर मंगळवार आणि शनिवार हे माझे दादाकडे जायचे वार. मेथी शनिवारसाठीच होती. रिक्षावाला वाटेत कुठल्यातरी नव्या सोसायटीच्या पाण्याविषयी बोलत होता आणि मी हो हो म्हणत होते. रडू आलं नाही. खूप चालून आल्यावर पाय जड होतात तसं सगळं अंग जड झालं होतं, आणि ते अजून तसंच आहे.

माझा थोरला भाऊ मिलिंद बांबूउडीतला खेळाडू. कान्ह्यासारख्या गावातून निघून ऑलिंपिकपर्यंत गेलेला. तो गेल्यावर आठवडाभर पत्रकारांचे फोन येत होते. बिचाऱ्यांचा काही दोष नाही, त्यांना चार ओळी भरायच्या असतात. पण सगळ्यांचे प्रश्न तेच. ऑलिंपिकमध्ये किती उंच उडी मारली? आणि दुसरा, "हवेत असताना ते कसे दिसायचे हो ताई?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, ते पुढे सांगते. दुसऱ्याचं मला खरोखरच माहीत नाही. ज्या माणसाच्या हजारो उड्यांना मी हजर होते, त्याची एकही उडी मी पूर्ण पाहिलेली नाही. माझं काम खाली बघायचं होतं.

सुरुवात आमच्या घरामागच्या ओढ्यावर झाली. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ सांभाळायचे. दादा पावसाळ्यात शाळेला जाताना पुलापर्यंत वळसा घालायचा कंटाळा करायचा आणि कळकाचा बांबू पात्रात रोवून पलीकडे जायचा. दप्तर आधी फेकायचा, मग स्वतः. एकदा शाळेतल्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं. आता हा मार खाणार, असं मला वाटलं, पण सरांनी त्याला विचारलं, "असंच वरच्या बाजूला जाता येईल का?" त्या एका प्रश्नावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. भातकापणी झाली की शेजारच्या शंकरभाऊंच्या खळ्याशी पेंढ्याचा ढीग लागायचा, तीच आमची गादी. वडिलांनी कामावरचं एक फुटकं घमेलं आणून दिलं होतं. ते अर्धं कापून आम्ही जमिनीत तिरकं पुरलं, म्हणजे धावत आल्यावर बांबूचं टोक त्यात जाऊन अडायचं. शंकरभाऊंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते बांधावरून ओरडत आले.

"आरं, बैलाचं खानं हाय ते, तुजी गादी न्हाई."

"भाऊ, परत रचून देतो," दादा म्हणाला.

"तू रचशील, पन बैल खाईल का? तुज्या पायाचा वास मारतुय त्याला."

पण चार दिवसांनी तेच शंकरभाऊ बांधावर तंबाखू मळत बसलेले दिसायला लागले. आडवी दोरी किती वर बांधायची, यावर ते दादाशी हुज्जत घालायचे. दादा दोरीवरून गेला की मान हलवायचे आणि न गेला की बैलाला शिव्या द्यायचे. आमच्या वस्तीतली पोरं आणि त्यांचं खळं, यात पूर्वी जे अंतर होतं ते त्या पेंढ्यामुळे थोडं कमी झालं. फार नाही, थोडं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला घमेल्याशेजारी उकिडवं बसवून दादाने काम नेमून दिलं होतं. बांबूउडीत सगळे वर बघतात, पण उडी ठरते खाली, शेवटच्या पावलावर. धावत येऊन डावा पाय जिथे टेकतो आणि माणूस उसळी घेतो, ती जागा ठरलेली असते. पाय तिच्या मागे पडला तर बांबूला जोर पोचत नाही. आणि तिच्यापुढे, म्हणजे घमेल्याच्या जवळ पडला, तर बांबू माणसाला वर न नेता मागे खेचतो. हे धावणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. त्याने मान खाली घातली की उडी गेलीच. म्हणून दुसऱ्या कुणीतरी पाय बघून सांगावं लागतं. पेंढ्यातून उठता उठता दादा विचारायचा, "कुटं?" आणि मी तीनपैकी एक शब्द सांगायची. आत, मागं, किंवा बराबर. आत असेल तर किती, तेही बोटांनी. च्यार बोटं. एक वीत. मग जिथून धाव सुरू करायची तिथली खूण तो तेवढीच मागे सरकवायचा. बस, एवढंच काम. मी ते बारा-तेरा वर्षं केलं.

पुढे त्याला रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली, लोणावळ्याला. तिथल्या मैदानावर जाळीत फोमचे तुकडे भरून केलेली गादी होती, घमेल्याच्या जागी नीट लोखंडी बॉक्स होता, आणि बांबूही आता बांबू राहिला नव्हता, लवचीक फायबरचा लांबच लांब पोल झाला होता. तो पोल म्हणजे आमच्या घरातलं तिसरं भावंडच होतं म्हणा ना. रेल्वेच्या डब्यात मावायचा नाही, बसच्या टपावरून दोन्हीकडे बाहेर यायचा, वळणावर लोकांच्या अंगावर जायचा. एकदा टेम्पो मिळाला नाही म्हणून आम्ही दोघं तो खांद्यावर घेऊन लोणावळ्याच्या बाजारातून चालत गेलो. पुढे दादा, मागे मी, माझ्या टोकाला लाल फडकं. चिक्कीच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "कुणाचा मांडव घालायचाय?" दादा न थांबता म्हणाला, "आमच्या हिच्या लग्नाचा." मी पोल तिथेच खाली ठेवला. मग त्याने बाजारभर माझी समजूत काढली आणि तेव्हा कुठे आम्ही मैदानावर पोचलो.

शनिवारी-रविवारी मी कान्ह्याहून गाडीने लोणावळ्याला जायची. शिबिरांतून त्याला मोठमोठे प्रशिक्षक मिळाले, पण सुट्टीत आला की तो मला घेऊन मैदानावर जायचाच. "त्ये समदे वर बघत्यात," तो म्हणायचा, "पाय कुनीच बघत न्हाई." मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आज सांगायला लाज वाटत नाही.

ऑलिंपिकला निघायच्या आधी त्याला चार दिवस घरी सोडलं होतं. शिबिरात त्याला नवा, जास्त कडक पोल मिळाला होता आणि त्यासाठी धाव लांबवली होती. नव्या धावेचं माप त्याला माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. लोणावळ्यात श्रावणात असतं तसं धुकं होतं, गवत ओलं, अंगात दमट गारठा. मैदानाच्या कडेला जीप उभी होती, कारण कान्ह्यात सत्काराची तयारी झाली होती आणि सरपंच स्वतः न्यायला आले होते. वडील जीपमध्ये पुढे बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पुढे बसवलं होतं. दादाने उड्या मारल्या नाहीत, नुसती धाव घेऊन पाय टेकवून बघत होता. पहिल्यांदा मी सांगितलं, "आत." त्याने खूण थोडी मागे घेतली. दुसऱ्यांदा, "आत." पुन्हा थोडी मागे. जीपचा हॉर्न वाजला. तिसऱ्यांदा तो धावत आला तो नेहमीपेक्षा जास्त वेगाने आला, डावा पाय टेकवला आणि तिथेच वाकून धापा टाकत उभा राहिला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतो. त्याला भीती वाटत होती. दादाला कधी भीती वाटते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"कुटं?" त्याने विचारलं.

पाय एक वीत आत होता. मी स्वच्छ बघितला होता. ओल्या मातीत बुटाचा ठसा उमटला होता.

"बराबर," मी म्हणाले.

वाटलं, उद्या हा जाणार आहे, आता चिंता कशाला लावायची. वाटलं, नेहमीपेक्षा वेगात आला म्हणून आत गेला असेल, तिकडे होईल नीट. वाटलं, वडील जीपमध्ये थांबलेत. अशी कारणं मी पुढे खूप वर्षं गोळा केली, त्यातलं एकही मला पुरलं नाही. त्याने टेप लावून ते माप कागदावर लिहिलं, कागद पाकिटात ठेवला आणि आम्ही सत्काराला गेलो. हार-तुरे झाले, फेटा झाला, कुणीतरी भाषणात दादाला भालाफेकपटू म्हणालं. मी बायकांत बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो ठसा होता. उठून सांगता आलं असतं. रात्रभर तो घरीच होता, तेव्हाही सांगता आलं असतं...

बांबूउडीत नियम असा की एकाच उंचीवर लागोपाठ तीनदा चुकलं की बाहेर. दादाने तिथे सुरुवातीला जी उंची घेतली, ती तो लोणावळ्यात अर्धवट झोपेत पार करायचा. तिथे तिन्ही वेळा चुकला. नावापुढे आकडाच नाही, नुसती रेघ. पत्रकारांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वर्तमानपत्रात त्याबद्दल दोन ओळी आल्या होत्या. संघाबरोबर गेलेले एक अधिकारी नंतर घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "काय झालं कळलंच नाही. वर चढलाच नाही. पोल त्याला मागेच ढकलायचा." त्यांना कळलं नाही. मला कपबशी हातात धरून उभ्याउभ्या कळलं. तिथल्या गर्दीने आणि आवाजाने त्याचा वेग आणखी वाढला असणार, आधीच वीतभर आत पडणारा पाय आणखी आत गेला असणार. मी "आत" म्हटलं असतं तर खूण मागे गेली असती.

गावात लोक विचारायचे, "किती उडालास रं तितं?" दादा म्हणायचा, "गेलतो, आलो." हसून नाही, रागावून नाही, एखाद्याला वेळ सांगावी तसं. पुढे सगळ्यांनाच तो हेच सांगायचा आणि लोकांना तो त्याचा विनय वाटायचा. त्यानंतर तो आणखी काही वर्षं खेळला, देशात जिंकला, शाली इतक्या जमल्या की वहिनीने त्यांच्या गोधड्या शिवल्या. मला मात्र त्याने एकदाही काही विचारलं नाही. मी लग्न होऊन तळेगावला आले, तिथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. सुटे भाग मापाला लावून बघायचे, बसला तर पास, नाही तर बाजूला. मी फार कडक होते. केसाएवढा फरक असला तरी सोडायची नाही. सुपरवायझर वैतागायचा, मैत्रिणी म्हणायच्या, "बाई, तुझं काय जातंय?" माझं काय गेलं होतं ते त्यांना कसं सांगणार. एकोणतीस वर्षं लोखंडाशी खरं बोलले आणि भावाशी बोलायचं तेवढं राहिलं.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण डावा पाय, तोच पाय, फरफटायला लागला. वराळ्याच्या फ्लॅटमध्ये फिजिओथेरपीची एक मुलगी यायची. तिने पलंगापासून हॉलच्या उंबऱ्यापर्यंत फरशीवर लाल चिकटपट्ट्या लावून दिल्या, डाव्या पायाने त्या त्या पट्टीवर टेकायचं. दादाने त्या बघितल्या आणि कितीतरी महिन्यांनी हसला. मंगळवारी मी गेले तेव्हा त्याने वहिनीला बाजूला व्हायला सांगितलं आणि मला उंबऱ्याशी बसवलं. माझे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत, पाटावर बसले. काठी धरून तो पट्टीपट्टीने यायचा, पाय टेकवायचा आणि विचारायचा, "कुटं?" मी सांगायची. असे आमचे काही महिने गेले. सगळ्या घराला वाटत होतं बहीण-भावाचा खेळ चाललाय. मला प्रत्येक वेळी लोणावळ्याचा तो ठसा दिसायचा.

शेवटच्या मंगळवारी तो नेहमीपेक्षा बरा होता. पलंगापासून निघाला, न थांबता उंबऱ्यापर्यंत आला. डावा पाय शेवटच्या पट्टीच्या पुढे पडला, बोटं उंबऱ्याच्या दगडाला लागली. तो धापा टाकत होता. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कुटं?"

मी पट्टीपासून त्याच्या पायापर्यंत वीत लावून बघितली. मग म्हणाले, "आत. एक वीत आत." आणि ते म्हटल्यावर बाकीचंही आपोआप बाहेर आलं. "दादा, लोनावळ्याला त्या संध्याकाळी मी बराबर म्हनले. बराबर न्हवतं. एक वीत आत हुतं. मी बघितलं हुतं."

त्याने काठी उंबऱ्याशी टेकवून तोल सावरला. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"तवाच. बघता येत न्हाई, पन कळतं की. पाय माजा हुता."

"मग तवाच मागं का न्हाई सरकलास?"

"तू बराबर म्हनलीस ना." मग म्हणाला, "मला बी तेच ऐकायचं हुतं, मंदे."

मी त्याच्याकडे बघूच शकले नाही. सवयीने त्याच्या पायाकडे बघत राहिले. तो म्हणाला, आता दमलो, बसव मला. त्याला पलंगावर बसवलं तेव्हा त्याने काठीने पलंगाजवळची पहिली पट्टी दाखवली. "शनवारी आलीस की ही वीतभर मागं घे. हितनंच चुकतंय." मी हो म्हटलं, चहा घेतला आणि निघाले. शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

मन मोकळं केल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. इतकी वर्षं ओझं माझ्या एकटीचं आहे असं समजून वाहत होते, तर दुसऱ्या टोकाला तोही तेच धरून चालला होता, त्या बाजारातल्या पोलसारखं. आणि दोघांपैकी कुणीच मागे वळून बघितलं नाही. याचाच शीण जास्त आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुष्कळ माणसं आली, कान्ह्याहून शंकरभाऊंचा मुलगाही आला. भाषणांत सगळे दादाच्या उंचीबद्दल बोलले. भन्तेजींची बुद्धवंदना चालू असताना माझी नजर जमलेल्या लोकांच्या पायांकडे जात होती.

गेल्या शनिवारी मी पुन्हा वराळ्याला गेले. काम काही नव्हतं, पण शनिवार होता. वहिनी फरशी पुसत होती. म्हणाली, "ताई, या पट्ट्या तेवढ्या काढून द्याल का? कडेला मळ बसतोय. माझ्या हाताने काढवत नाही." मी ब्लेड मागून घेतलं आणि पलंगाशी, गुडघ्याला हात देत, खाली बसले. पहिल्या पट्टीचं टोक नखाने उचललं, सबंध पट्टी न फाटता निघाली. तिच्या जागी फरशी पांढरी राहिली होती. मी तिथे अंगठा टेकवला, हात पसरला आणि करंगळी जिथे पोचली तिथे, पलंगाच्या पायाला अगदी लागून, पट्टी पुन्हा लावली. तळव्याने दाबली. कोपरे नीट बसले की नाही ते बघितलं.

वहिनी दारात उभी होती. "हे काय, ताई?"

"त्याने सांगितलं होतं," मी म्हणाले. "आता बराबर आहे."